आरशावरचे ओरखडे

चष्म्याच्या दुकानात तो आला, तो एका इवल्याशा स्क्रूसाठी. चष्मा नव्हताच त्याला. दुर्बिणीवर मोबाइल बसवायच्या पकडीचा स्क्रू हरवला होता. काउंटरमागच्या तिने तीन डबे उपसून नेमका तसाच शोधून दिला आणि सहज विचारलं, त्यातून दिसतं तरी काय?

"संध्याकाळी गच्चीवर या... गुरू दाखवतो."

झालं! दुकान बंद झालं की बाईसाहेबांचे पाय आपसूक त्या गच्चीकडे वळायला लागले. तो गुरूचा व्हिडिओ घ्यायचा. मग कॉम्प्युटरवर त्यातल्या हजारो चित्रांतली हवेने थरथरलेली टाकून स्थिर तेवढी एकावर एक चढवायचा, की धूसर ठिपक्यावर पट्टे उमटायचे. ती शेजारी बसून बघायची... गुरूकडे कमी, त्याच्याकडेच जास्त.

आणि एकदा तिने घोळ घातला. दुर्बिणीच्या आरशावर धूळ दिसली, तशी दिवसभर काचा पुसणारा हात गप्प बसेना. दुकानातल्या फडक्याने तिने आरसा लख्ख पुसून काढला. दुसऱ्या दिवशी बोलता बोलता तो म्हणाला, या आरशाला कापड लागलं की ओरखडे पडतात, म्हणून मी सख्ख्या बहिणीलाही हात लावू देत नाही.

त्या संध्याकाळी व्हिडिओ सुरू करून तो चार्जर आणायला खाली गेला. ती दुर्बिणीपाशी वाकून पुटपुटली, "चुकले गं बाई, तुझा आरसा फडक्याने पुसला. त्याला कळलं तर तो मला पुन्हा बोलावणार नाही... आणि मला तर तोच आवडतो."

घरी पोचल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला. मोबाइल आवाजही टिपतो!

दुसऱ्या दिवशी तो दुकानात हजर. काउंटरवर त्याने गुरूचा फोटो ठेवला. पट्टे अगदी स्पष्ट होते.

"ओरखडे बारीक आहेत. चित्रात काही फरक पडत नाही."

तिचा जीव भांड्यात पडला. पण लगेच तिने विचारलं, "आवाज... ऐकलात?"

"चित्रं निवडायला आवाज लागत नाही," तो म्हणाला. मग कानाची पाळी चोळत हळूच, "तरी चार वेळा ऐकला."

तिला काउंटरखाली लपावंसं वाटलं.

"डोळे तपासून द्या माझे," तो म्हणाला. "इतके दिवस शेजारी बसलेलं माणूस मला दिसलं नाही."

तिने त्याला खुर्चीत बसवलं, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दाखवला आणि शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाली, "समोर बघा."

तो तिच्याकडे बघत राहिला. "बघतोय की."