नेड रॉबसनचा शेवटचा फोटो

मेगन, मधे बोलू नकोस. फक्त ऐक.

हे कुणाच्या मावशीच्या शेजारणीचं नाही. माझ्यासमोर झालंय. गेल्या ऑक्टोबरात, हेक्सहॅम गावाच्या वर, फेनविकांच्या रानातल्या रोमन किल्ल्यावर. आणि रात्रबित्र नव्हती...

भर दुपार होती.

रॉडी फेनविक तिथे खोदकाम करतात ना, तसंच त्यांच्या आजोबांनीही केलं होतं. आजोबांचे काचेवरचे फोटो मी अख्खा उन्हाळा स्कॅन करत होते. प्रत्येक फोटोत एकच मजूर. नेड रॉबसन. हातात लाल-पांढरी काठी घेऊन उभा. भिंत किती उंच ते कळावं म्हणून.

मग एक काच आली...

नेड खोदलेल्या चरात उभा, मागचा मातीचा कडा फाटलेला. नेडचं तोंड उघडं. डोळे थेट कॅमेऱ्याकडे.

पुढच्या काचेत तोच चर. झाडून स्वच्छ.

नेड नाही.

त्यापुढे एकाही काचेत नाही.

कळतंय ना तुला? आजोबांना कडा सुटताना दिसत होता. त्यांनी फोटो काढला.

मी रॉडींना दाखवलं. त्यांनी काच पालथी ठेवली. मग म्हणाले, "फोटो हलू नये म्हणून आजोबा ओरडायचे, हलू नकोस. त्या दिवशीही तेच ओरडले म्हणतात. काच ठेवून दे, पोरी. कुणाला दाखवू नकोस."

आणि वर काय? स्वतःच्या पुस्तकासाठी रॉडींना त्याच चरात, त्याच जागी, तसाच फोटो हवा. काठी स्वतः धरणार.

"पोट आत घ्या, भिंत दिसत नाहीये," मी म्हटलं.

"भिंत अठराशे वर्षं थांबलीये. अजून थोडी थांबेल."

खोदकामावरची सगळी पोरं हसली. मी कॅमेऱ्याला डोळा लावला.

वारा पडला.

मेंढ्या गप्प. टिटव्या गप्प...

काठीवर दुसरा हात होता.

मातीने माखलेला. वरून हळूहळू खाली सरकत आला... आणि रॉडींच्या बोटांवर घट्ट बसला.

मी कॅमेऱ्यावरून डोळा बाजूला केला. चरात रॉडी एकटेच. पण मागचा कडा फाटत होता.

"पळा" म्हणायला मी तोंड उघडलं. देवाशप्पथ, "पळा"च म्हणायचं होतं...

माझ्या तोंडातून पुरुषाचा आवाज आला. घोगरा. घशात माती अडकल्यासारखा.

"हलू नकोस."

रॉडी ताठ उभे राहिले. तोंड उघडं. डोळे माझ्याकडे.

कडा आला.

बटणावर माझं बोट नव्हतं, मेगन. तरी कॅमेरा वाजला...

क्लिक.

आम्ही हातांनी उकरून त्यांना काढलं. जीव वाचला, एक पाय गेला. पोरं अजून म्हणतात, हलू नकोस म्हणालीस तूच. रॉडी मात्र हॉस्पिटलात माझा हात धरून म्हणाले, "तू नव्हतीस, पोरी. मी पळणारच होतो. त्याने काठी सोडू दिली नाही."

मला वाटलं, संपलं. फिटलं नेडचं.

काल त्यांची मुलगी आली. टेसा. चर पुन्हा उघडतायत. बापाच्या पुस्तकासाठी राहून गेलेला फोटो तिला काढून घ्यायचाय. काठी तीच धरणार.

मी सगळं सांगितलं. काचसुद्धा दाखवली.

"बाबांना औषधांची गुंगी होती गं," ती म्हणाली. "तू नाही म्हणालीस तर मी दुसरं कुणी बघेन."

आता मी गेले नाही, तर ज्याला काहीच माहीत नाही असं कुणीतरी कॅमेऱ्यामागे उभं राहणार. आणि गेले, तर ऐन वेळी माझं तोंड...

माझं असेल का?

तू सांग. तू काय केलं असतंस?