काचेवरचा हात

शुक्रवारी सकाळी सव्वासहाला, हेंद्रेपाड्यातल्या एका सोसायटीच्या आवारात, मधू देशमुख एका पांढऱ्या, बारा वर्षं जुन्या एसयूव्हीच्या मागच्या सीटवर अंग चोरून बसला होता. भुताखेतांवर आपला विश्वास नाही, हे त्याने अंबरनाथहून येताना तीनदा सांगितलं होतं. तीनदा सांगावं लागलं, यातच काय ते आलं.

पुढे यशोधरा कारखानीस बसल्या होत्या. विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. आता त्या खासगी तपास करायच्या. मधू त्यांचा शेजारी. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर घरी करमेना, म्हणून तो त्यांना स्कूटरवरून फिरवायचा आणि वहीत टिपणं काढायचा.

गाडीची मालकीण चैत्राली दाराशी उभी होती. सातवा महिना लागला होता, तरी ती आत टेकायला तयार नव्हती. नवरा फिरायला गेलाय तेवढ्यात बघा, असं तिने फोनवर बजावलं होतं.

यशोधराबाईंनी चावी फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे लागले, ते त्यांनी एकेक करून पाहिले आणि "एक कमी आहे," असं पुटपुटल्या. मग इंजिन सुरू केलं, ब्लोअर लावला.

गाडीत गोडसर वास पसरला. प्रसादाच्या शिऱ्याचा असावा तसा, पण शिळा. कोणी हात न लावता वायपर एकदा फिरला आणि थांबला. पुढच्या काचेवर आतून वाफ चढू लागली, खालून वर, सावकाश. आणि डाव्या बाजूला, जिथे चैत्राली बसायची नेमकं तिथे, त्या वाफेत एक हात उघडा राहिला. पाच बोटं आणि तळवा, अगदी स्वच्छ.

मधूचा हात दाराकडे गेला. त्याच क्षणी चारी दारांचं लॉक आपोआप खट्‌कन लागलं. त्यानंतर त्याच्या तोंडून जे निघालं ते रामाचं नाव होतं.

लॉक उघडून सगळे बाहेर आल्यावर चैत्रालीने हकिकत सांगितली. गाडी घेतल्याला दोन महिने झाले. नवरा शौनक तिला रोज, ती शिकवते त्या शाळेत सोडतो. हात दिसतो तो फक्त सोमवारी आणि शुक्रवारी. ती ओरडली की शौनक नॅपकिनने काच पुसतो आणि म्हणतो, कुठे काय? त्याने तिला मनाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. सुनेला भास होतात, हे आपल्या आईलाही कळवून टाकलं होतं. येत्या रविवारी याच गाडीने, घाटातून, तिला बाळंतपणाला दापोलीला माहेरी जायचं होतं.

"मला रविवारच्या आत एवढंच सांगा," ती म्हणाली, "मी वेडी होतेय का?"

यशोधराबाई पुन्हा गाडीत शिरल्या. त्यांनी पुढच्या सीटचा पट्टा शेवटच्या टोकापर्यंत ओढून पाहिला आणि सोडून दिला. खालचं कार्पेट चाचपलं. ते कोरं करकरीत होतं.

आवारातल्या नळावर नाथा बादली भरत होता. सोसायटीतल्या गाड्या तोच धुवायचा. बाहेरून रोज, आतून सोमवारी आणि शुक्रवारी पहाटे. चावी वॉचमनकडून घ्यायची. गाडीबद्दल मधूने दरडावून विचारलं, तेव्हा तो खाली मान घालून फडकं पिळत म्हणाला, "काळी व्हती तवा बरी व्हती. पांढऱ्यावर डाग लपत नाय." मधूने वहीत वार तेवढे लिहून घेतले.

दुपारी ते अंबरनाथ एमआयडीसीजवळ हरिचंद्र मेकॅनिककडे गेले. दोन महिन्यांत बॅटरी, स्टार्टर आणि हॉर्न बदलून झाले होते. हीटरची नळी झिरपते, तिच्या पाण्याची वाफ काचेवर बसते आणि त्याच पाण्याचा गोड वास येतो, हे त्याने आपणहून सांगितलं. मग जरा अडखळत म्हणाला, "एअरबॅगचा दिवा सारखा पेटायचा. साहेब बोलले, बल्बच काढून टाक, मिसेस घाबरतात." साहेब प्रेमळ आहेत, अशी मधूने नोंद केली.

गाडी विकणारा कैलास उल्हासनगरात भेटला. एका डॉक्टरची, एकहाती वापरलेली गाडी, असं म्हणत त्याने चहा मागवला. शौनकसाहेब तक्रार घेऊन आले तेव्हा आपण अर्ध्या किमतीत गाडी परत घ्यायची तयारी दाखवली होती, पण साहेबच नको म्हणाले, असंही त्याने सांगितलं.

परतताना मधूने निकाल देऊन टाकला. कैलास माणूस पाठवून भीती घालतोय, म्हणजे गाडी अर्ध्यात परत मिळेल.

"ज्याचा असा डाव आहे तो अर्ध्या किमतीचं आपणहून सांगेल का, मधूभाऊ?" यशोधराबाईंनी विचारलं, आणि मधूने स्कूटर दामटली.

शनिवारी संध्याकाळी सगळे चैत्रालीच्या घरी जमले. शौनक सोफ्यावर होता, नाथा दाराशी उभा.

"वाफ हीटरची आहे," यशोधराबाईंनी सुरुवात केली, "आणि हात साबणाचा. काचेवर साबण वाळला की तेवढ्या भागावर वाफ धरत नाही. सोमवारी आणि शुक्रवारी साबण घेऊन या गाडीत एकच माणूस बसतो."

शौनक उठून उभा राहिला. "नाथा, उद्यापासून तू कामावर यायचं नाहीस."

"बसा. त्याने हे का केलं, ते तुम्ही विचारलंच नाहीत. गाडी पांढरी आहे आणि नाथा म्हणाला, काळी होती तेव्हा बरी होती. म्हणजे त्याची या गाडीशी जुनी ओळख आहे. पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर वाळलेला गाळ आहे. तिथवर कोणी धूत नाही. कार्पेट नवं घातलंय. वायपर आणि लॉक आपोआप चालतात, कारण वायरींना गंज चढलाय. ही गाडी पुरात बुडलेली आहे."

"दोन दिस पाण्यात व्हती," नाथा म्हणाला. "पयल्या मालकाकडं मीच धुवायचो. गाळ मीच काढला."

"मग मला सांगायचंस ना," चैत्राली म्हणाली.

नाथाने शौनककडे पाहिलं. "सायबांना पयल्याच दिवशी सांगितला. ते बोलले, घरात बोललास तर सोसायटीतून हाकलीन. मंग दुसरा काय करनार? तुमी घाबरून गाडीत बसनार नाय, असा वाटला."

"खरं आहे," यशोधराबाई म्हणाल्या. "एअरबॅग मेलेली, हे सांगणारा दिवा साहेबांनी काढायला लावला. परत द्यायची संधी होती, ती नाकारली. आणि काचेवर असा हात पहिल्यांदा दिसला की माणूस दचकतो. यांनी नॅपकिनने तो पुसला आणि म्हणाले, कुठे काय?"

मधूला कुठे पाहावं ते कळेना, म्हणून तो वहीकडे पाहत राहिला.

"तुला माहीत होतं?" चैत्रालीने विचारलं.

"फसलो हे कळलं असतं तर तुझ्या घरचे हसले असते," शौनक म्हणाला. "मी हळूहळू सगळं दुरुस्त करून घेणार होतो."

"आणि तोवर मी वेडी."

चैत्रालीला रडू आलं नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिला स्वतःचं डोकं ठिकाणावर असल्याचं जाणवत होतं, आणि त्याचाच तिला सर्वांत जास्त राग येत होता.

रविवारी सकाळी तिचा भाऊ दापोलीहून आपली गाडी घेऊन आला. शौनकने बॅग आणून ठेवली आणि तोही आत बसायला लागला, तेव्हा चैत्रालीने दार ओढून घेतलं.

"आधी आईंना फोन कर," ती खिडकीतून म्हणाली, "आणि माझ्यासमोर सांग, हिला भास होत नव्हते."

शौनकने खिशातून फोन काढला आणि नुसताच हातात धरून ठेवला. तिने भावाला निघायला सांगितलं.