बोगद्यातली मोजणी

उद्यापासून तूही माझ्यासारखं पांढरं हेल्मेट घालणार आणि सही करून माणसांच्या जिवाची हमी देणार, म्हणून तुला हे सांगते. एरवी सांगितलं नसतं. मावशीचं डोकं फिरलंय म्हणून तू घरभर सांगत सुटली असतीस.

तेव्हा मी पाण्याच्या बोगद्यावर सुरक्षा अधिकारी होते. डोंगरावर एक तलाव, पायथ्याला दुसरा, आणि दोन्ही जोडणारा पावणेचार किलोमीटरचा बोगदा. दिवसा उन्हाची वीज उरते, तिच्यावर पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी घराघरांत दिवे लागले की तेच पाणी खाली सोडून पुन्हा वीज करायची. अख्ख्या देशाची बॅटरी, असं आमचे मोठे साहेब पाहुण्यांना सांगायचे. सात वर्षं खपलो आम्ही त्यात. आणि त्या सात वर्षांत माझं काम एकच. माणसं मोजायची. आत जाताना प्रत्येकानं आपला पितळी बिल्ला फळ्यावर अडकवायचा, बाहेर येताना काढून घ्यायचा. फळ्यावर एक जरी बिल्ला असला तरी आत स्फोट नाही, मशीन नाही, काही नाही.

पाणी सोडायचा दिवस उजाडला. सकाळी सात वाजता मी बोगदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले. आत चिटपाखरू नव्हतं. फळा रिकामा. दुपारी बारा वाजता 'बोगदा रिकामा आहे' असा कागद सही करून साहेबांच्या केबिनमध्ये द्यायला निघाले. डबा खायचा राहिला होता, भूक लागली होती, तेवढाच काय तो विचार डोक्यात.

वाटेत कंट्रोल रूममधली मुलगी दारात उभी होती. तोंड पांढरंफटक.

"मॅडम, बोगद्यातून फोन आला होता."

"कुठल्या बोगद्यातून?"

"आपल्याच. तीन नंबरच्या फोनचा दिवा लागला. मी उचलला…"

मला हसू आलं. बोगद्यातले फोन आदल्या दिवशीच काढले होते. तारा कापून, गुंडाळून स्टोअरमध्ये जमा केल्या होत्या. त्या जमा झाल्याच्या पावतीवरही माझीच सही होती.

"काय म्हणाला?"

"एवढंच म्हणाला, 'तुमचा एक माणूस आत राहिलाय.' सावकाश, थकलेल्या आवाजात. मागे बरीच माणसं बोलत असल्यासारखं वाटलं. मग बंद झाला."

मी फोनच्या बोर्डाजवळ गेले. तीन नंबरचा दिवा विझलेला होता. बोट लावून पाहिलं, तर काच कोमट लागली.

साहेब वरच्या तलावापाशी पाहुण्यांच्या मांडवात होते. मंत्री यायचे होते, चार वाजता बटण दाबायचं होतं. मी फोन केला, तर आधी ऐकूनच घेईनात. मग म्हणाले, "काढून टाकलेला फोन वाजतो होय? मॅडम, कोणीतरी चेष्टा केलीय. तुम्ही कागद पाठवा आणि किल्ली पाठवा."

किल्लीचं सांगते. पाण्याच्या दरवाज्याचं जे बटण असतं ना, त्यावर सुरक्षा अधिकारी स्वतःचं कुलूप घालतो. त्याची किल्ली एकच, आणि ती त्याच्याच खिशात. ते कुलूप निघाल्याशिवाय मंत्री काय, कोणीही काही दाबू शकत नाही.

"मी पुन्हा एकदा आत जाऊन येते," मी म्हटलं.

"वेड लागलंय का? सगळा देश बघतोय आज!"

"बघू दे. सही माझी आहे, साहेब."

मी फोन ठेवला, किल्ली हातमोज्यात घातली आणि नानांना शोधायला गेले. नाना म्हणजे आमचे काँक्रीटचे फोरमन. तीस वर्षं बोगद्यांत काढलेला माणूस. पान्ह्यानं डोकं खाजवत त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकही प्रश्न विचारला नाही. फक्त म्हणाले, "दोन बॅटऱ्या घेऊ. एकीवर भरवसा नको." आम्ही दोघांनी आपापले बिल्ले अडकवले आणि खालच्या तोंडानं आत शिरलो.

बाहेर रणरणतं ऊन होतं, पण पन्नास पावलांत त्याचं नाव राहिलं नाही. दिवे, पंखे, सगळं काढून नेलेलं. गोल, गुळगुळीत काँक्रीट, नव्या रंगाचा डोक्यात जाणारा वास, आणि आमच्या बुटांचा आवाज. तो आवाज पुढे जायचा, कुठेतरी आपटायचा आणि परत यायचा. परत येताना मात्र दोघांचा वाटायचा नाही.

मी मोठ्यानं हाक मारत होते. "कोणी आहे का?" दर शंभर पावलांनी थांबायचं, हाक मारायची, कान द्यायचा.

दीडेक किलोमीटरवर वास बदलला. रंगाचा वास गेला. घाम, ओली माती, तंबाखूचा धूर असा वास यायला लागला. शिफ्ट सुटताना माणसांच्या घोळक्यातून येतो तसा. आणि मग अगदी हळू आवाजात बोलणं ऐकू आलं. शब्द कळत नव्हते. कोणीतरी खोकलं, कोणीतरी लोखंडावर लोखंड ठेवलं. मी बॅटरी मारली, तर रिकामा बोगदा. बॅटरी खाली केली की पुन्हा कुजबूज सुरू.

"नाना…"

"ऐकतोय."

"काय आहे हे?"

नाना घड्याळाकडे बघत होते. "एक वाजला. शिफ्ट बदलायची वेळ."

"कुणाची शिफ्ट? इथं कोणी नाहीये."

"मोठ्या कामांवर येतं ऐकू. मी तीन ठिकाणी ऐकलंय." ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आपण बोलायचं नसतं. बाजूनं निघून जायचं."

खोटं कशाला सांगू, माझे पाय मागे वळले होते. सकाळी मी हाच बोगदा स्वतः पाहिला होता. माझं कर्तव्य झालेलं होतं, कागद तयार होता, कोणी मला बोट लावलं नसतं. पण 'तुमचा एक माणूस' हे शब्द काही जाईनात. राहिला असेल तर? चार वाजता वरून पाणी येणार, आणि बाहेर बँडच्या आवाजात त्याची हाक कोणाला ऐकूही येणार नाही.

"नाना, तुम्हाला परत जायचं तर जा. मी पुढे जाते."

"बाई एकटी पुढे गेली आणि नाना पळाले, असं ऐकवाल मला जन्मभर," नाना म्हणाले. "चला."

आम्ही चाललो. आवाज आमच्याबरोबर चालत होता. कधी डावीकडून, कधी अगदी खांद्याजवळून. एकदा माझ्या हेल्मेटला काहीतरी घासून गेलं. बघितलं नाही. मी हाक मारणं मात्र सोडलं नाही. घसा सुकला, आवाज फाटला, तरी दर शंभर पावलांनी तेच. "कोणी आहे का?" आणि प्रत्येक हाकेनंतर सगळी कुजबूज गप्प व्हायची, जणू तेही उत्तराची वाट बघत होते.

वरच्या तोंडापाशी एक उभी विहीर आहे. तिच्यात लोखंडी शिडी. त्या शिडीच्या तळाशी तो पडलेला होता.

रंगारी. आतल्या लोखंडी भागाला रंग द्यायला आणलेल्या टोळीतला. टोळीचं काम दोन दिवसांपूर्वीच संपलेलं, म्हणून हजेरीत नाव नाही, फळ्यावर बिल्ला नाही. सगळे समजले, गडी घरी गेला. तो शिडीच्या खालच्या टप्प्यावर राहिलेली आपली रंग फवारायची बंदूक न्यायला सकाळी वरून शिडीनं उतरला, मी चालून गेल्यानंतर तासाभरानं. शेवटच्या पायऱ्यांवर पाय सटकला. मोबाइलचे तुकडे बाजूलाच पडले होते.

बेशुद्ध होता, पण श्वास चालू होता. उजवा पाय गुडघ्याखाली मोडलेला. आणि त्या पायाला दोन्ही बाजूंनी लाकडी फळ्या लावून तारेनं घट्ट बांधलेल्या होत्या.

नाना वाकून बघत राहिले. "सेंट्रिंगची फळी आहे," ते म्हणाले. "आत एक काटकी उरली नव्हती, मॅडम. मी स्वतः झाडून घेतलंय." मग त्यांनी तारेच्या पिळावर बोट फिरवलं. "सळ्या बांधणाऱ्याचा हात आहे. डावखुरा."

"ह्यानं स्वतः बांधलं असेल."

"बेशुद्ध माणसानं?"

नाना त्या वयात साठ मीटर शिडी चढून गेले. वरून दोरखंड, पाळणा, माणसं आली. पावणेचार वाजता रंगारी उन्हात होता. साहेबांनी त्याला पाहिलं आणि मांडवातल्या खुर्चीत मटकन बसले. मी मात्र पुन्हा आत उतरले, दुसऱ्या चौघांना घेऊन सगळा बोगदा परत चालले. तेव्हा काही ऐकू आलं नाही. नुसता रंगाचा वास. सव्वापाच वाजता मी कुलूप काढलं. दरवाजा बोटभर उघडला, कारण पहिलं पाणी अगदी सावकाश सोडावं लागतं.

साडेसहाला दवाखान्यात गेले. रंगारी शुद्धीवर आला होता. त्याची बायको उशाशी बसली होती, तिनं माझे दोन्ही हात धरले. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई, बाकीच्यांना काढलं ना?"

"कोण बाकीचे?"

"सहा जण बसले होते माझ्यापाशी. मागे अंधारात अजून होते. एकानं पाय बांधला, बाकीचे मला झोपू देत नव्हते. गप्पा मारत होते. एक म्हणाला मी खाडीवरच्या पुलाचा, एक म्हणाला मी विजेच्या टॉवरचा. मी म्हटलं, चला, शिडीनं वर जाऊ. तर हसले. म्हणाले, 'तुझं नाव नाही म्हणून तू राहिलास. आमचंही असंच झालं.'"

त्याची बायको म्हणाली, "ताप आहे त्यांना." खरंच होता ताप.

पण मी तिथूनच फोन केला आणि पाणी थांबवायला लावलं. हो, दुसऱ्यांदा. साहेब फोनवर अक्षरशः रडकुंडीला आले. "आता कोणासाठी, मॅडम? कोणाचं नाव सांगू मी?" माझ्यापाशी नाव नव्हतं. तरी थांबवलं. घोट्याएवढ्या पाण्यातून मी पुन्हा चालले, नाना बरोबर होतेच. कोणी नव्हतं. कोणी असणार नाही, हे मलाही माहीत होतं. पण 'मोजलं नाही' असं मला कुणी म्हणायला नको होतं. निदान त्यांनी तरी.

मग पाणी सोडलं. वीज झाली. बक्षीसही मिळालं आणि मेमोही मिळाला, दोन्ही एकाच आठवड्यात.

तीन वर्षांनी माझी बदली रेल्वेच्या बोगद्यावर झाली. डोंगराच्या दोन्ही बाजूंनी खणत यायचं आणि मध्ये भेटायचं. शेवटचे काही मीटर उरले की एकाच बाजूनं खणायचं, दुसऱ्या बाजूची माणसं तीनशे मीटर मागे न्यायची, असा नियम. त्या दिवशी आमची बाजू खणत होती. दुपारी तीनच्या सुमाराला खडकाला हात जाईल एवढं भोक पडलं आणि पलीकडून वाऱ्याचा झोत आला. सगळ्यांनी एकच आरोळी ठोकली. मी मशीन थांबवलं, सगळ्यांना मागे सरायला सांगितलं आणि पलीकडची हवा तपासायला मीटर धरून हात भोकात घातला.

पलीकडून कोणीतरी माझा हात धरला.

मला आनंदच झाला गं. वाटलं, पलीकडच्या पोरांना राहवलं नाही, नियम मोडून पुढे आली. रागवायचं म्हणून तोंड उघडलं, आणि तेवढ्यात खांद्यावरचा वॉकीटॉकी बोलला. "मॅडम, आम्ही सगळे तीनशे मीटरवर थांबलोय. भोक पडलं का? पुढे येऊ?"

हात गार होता. ओला होता. जाड, घट्टे पडलेला, कामाचा हात.

मी ओढून घेतला नाही. मागे माझी माणसं हसत होती, फोटो काढत होती. मी भोकाशी तोंड नेलं आणि हळूच विचारलं, "किती जण आहात?"

त्या हातानं माझा हात एकदा दाबला. मग थांबून पुन्हा. मग पुन्हा. मला कळलं, आणि मी मोजायला लागले. सहावर थांबेल असं वाटलं. वीस झाले. पन्नास झाले. बोटं बधिर झाली, पण मी सोडलं नाही. इतकी वर्षं त्यांना कोणी मोजलं नसेल, तर मी मोजेन, एवढंच डोक्यात होतं.

एकशे बारापर्यंत मोजलं मी. तेवढ्यात मागून कोणीतरी मोठा दिवा भोकावर मारला आणि तो हात निसटला.

बोगदा ठणठणीत कोरडा होता. माझी बाही कोपरापर्यंत भिजली होती. आणि तो हात निसटला ना, तेव्हा एकशे तेराव्यांदा दाबायला लागला होता.