पेटीतले जास्तीचे दाणे

केझिया कडेवर मूल घेऊन धावतच दारात आली. एनॉसने मान खाली घातली. गावचा शिपाई तोच. तिच्या नवऱ्याला, जॅरेडला, सभागृहाच्या खांबाला त्यानेच बांधलं होतं.

"टॅबिथाताई, दुपारी वीस फटके आणि अंधाराआधी गाव सोडायचं! या लेकराला घेऊन रानात कुठे जाऊ?"

टॅबिथा ही एनॉसची थोरली बहीण. बाळंतपणं करायची, औषधं द्यायची. अडलं की अख्खं गाव तिच्या दारात. मत द्यायला मात्र ती चालायची नाही, बाई ना!

"पहिल्यापासून सांग," तिने भावाला दरडावलं.

"कालची निवडणूक, ताई. थॅडियस गिरणीवाला दंडाधिकारी हवा तर पेटीत मक्याचा दाणा, नको तर घेवड्याचा. घेवडा जास्त झाला तर आत्ताचे दंडाधिकारी स्ट्राउडकाकाच पुढे चालू. मतदार एकेचाळीस, दाणे निघाले चव्वेचाळीस! मका तेवीस, घेवडा एकवीस. पेटी राखायला जॅरेडच्या मांडीवर, आणि जॅरेड थॅडियसच्याच गिरणीत नोकर. आणखी काय पुरावा हवा?"

"मग निवडणूक?"

"रद्द. पेटी बाटली की जुनाच अधिकारी वर्षभर राहतो, गाव वसवतानाचा करारच आहे आपला."

"दाणे कुठेत?"

"घरून आणलेलं खाण्याचं धान्य, टाकवेना. कोंबड्यांना घातलं. पण त्यातल्या दोघी तेव्हापासून गोल गोल फिरतायत. एक तर भिंतीवर आपटली!"

तो हसला. टॅबिथा हसली नाही. तिने शाल ओढली आणि निघाली.

गिरणीवाला थॅडियस चिडूनच होता. "मतदारांना बिअर पाजली, कबूल! पण पेटी बाटवून माझंच नुकसान करीन, एवढा मी खुळा आहे का?"

"मका पेरलास?"

"शेत कुठाय मला? लोकांचं वाळलं धान्य दळतो. ओला दाणा तर आत येऊच देत नाही, जात्याला चिकटतो."

खांबाला बांधलेला जॅरेड हळूच म्हणाला, "कुणी मुठीतून काय टाकलं ते बघायचं नाही, असा नियम. मी नियम पाळला ताई. डोळे मिटून बसलो होतो."

एफ्राइम स्ट्राउड शेतात भेटले. थंडीचा नेम नव्हता म्हणून सगळं गाव पेरणीला थांबलं होतं. पेरलं होतं फक्त त्यांनी. सरीतून एक कावळा झोकांड्या खात चालला होता.

"घाई केलीत, काका."

"बी भिजवून बसलो होतो, थांबून कसं चालेल? कालसुद्धा पेरता पेरताच सभेला आलो." म्हाताऱ्याने पाठ सरळ केली. "रयतेला न विचारता कर लावू नका म्हणालो, तर राजाने मला मायदेशी तुरुंगात टाकलं. इथला करार मी लिहिला, या हाताने. आणि लोक? दोन पेल्यांवर विकले जातात!"

दुपारी सभा भरली. एनॉस चाबूक घेऊन खांबापाशी उभा होता.

"माझ्या भावाच्या कोंबड्या झिंगल्या," टॅबिथा म्हणाली. कुणीतरी खिदळलं. "हसा! कावळ्यांनी उकरू नये म्हणून आपण बी विषारी मुळीच्या काढ्यात भिजवतो. तो दाणा खाल्ला की पाखरू झिंगतं. मतासाठी तुम्ही आणलात घरातला खायचा मका. त्याने कोंबडी झिंगत नाही. म्हणजे पेटीत बियाणं पडलं. थॅडियसकडे शेत नाही, त्याच्या गिरणीत ओला दाणा शिरत नाही, म्हणून जॅरेडलाही तो मिळायचा नाही. आजवर पेरणी एकाच माणसाने केली. त्याच्या खिशात काल बी होतं. मुठीत एक घेवडा, त्यासोबत तीन दाणे मक्याचे. संशय गिरणीकडे, निवडणूक रद्द, खुर्ची शाबूत."

सगळ्या माना स्ट्राउडकडे वळल्या.

"बांधा थेरड्याला!" गर्दी ओरडली.

एनॉस पुढे सरसावला.

"हात लावू नकोस!" टॅबिथा कडाडली. "दोन साक्षीदारांशिवाय शिक्षा नाही, असा कायदा आहे. तो जॅरेडलाही होता. तेव्हा तुमच्या कायद्याला काय झोप लागली होती?"

मग ती म्हाताऱ्याकडे वळली. आवाज खाली आला. "काका, ते तीन दाणे काढा आणि मोजा. मका वीस, घेवडा एकवीस. लोक विकले गेले नव्हते. तुम्हीच निवडून आला होतात."

स्ट्राउड पायरीवर बसले.

"साक्षीदार शोधू नका," ते म्हणाले. "मीच टाकले. सोडा त्या पोराला."

एनॉसने जॅरेडची गाठ सोडली. थॅडियसने पेटी उचलून पुढे केली. "चल जॅरेड, झालं गेलं विसर. पुन्हा मतं घेऊ. धर."

जॅरेडने केझियाच्या कडेवरून मूल घेतलं.

"सकाळी फटके ठरले, तेव्हा हात वर करून मत दिलंत ना? तेव्हा मी डोळे उघडे ठेवले होते. एकही हात खाली नव्हता. तुमची पेटी तुम्हीच धरा."

तो निघून गेला. त्या हातांत एनॉसचाही एक होता.