प्रेताला माइक नव्हता

मे महिन्यातली गोष्ट. मी बारामतीला माइकच्या वायरी आणायला गेलो होतो. इंदापुरात माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे, पण त्या महिन्यात लग्नं बाजूला ठेवून मी सिनेमाचं काम धरलं होतं. पळसदेवला 'हिरवा काठ'चं शूटिंग चाललं होतं आणि आवाज टिपायचं काम माझ्याकडे होतं. वायरींची पिशवी गाडीला अडकवत होतो तेवढ्यात सलिमाचा, माझ्या बायकोचा फोन आला.

"येताना भागूबाई दिसली तर चिलापी मासे घ्या. बाजारात बसायची बंद झालीय ती."

"बंद झालीय, का बंद केलीय?" मी विचारलं.

तिनं फोन ठेवला.

'हिरवा काठ' तुम्ही वाचली नसेल तर सांगतो. बारामतीच्या चिंतामण सरांची रहस्यकादंबरी. इतकी खपली की एसटी स्टँडवरच्या टपरीतसुद्धा बिस्किटांशेजारी लावलेली असायची. उजनी धरणाच्या पाण्यात एक तरणी मुलगी बुडते, प्रेत सापडत नाही, आणि शेवटच्या प्रकरणात कळतं की तिला होडीतून तिच्या आईनंच ढकललं.

आता उजनीच्या काठाला कुणाची मुलगी बुडाली होती, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक होतं. पळसदेवच्या भागूबाईची छकुली. लग्न ठरलं होतं तिचं. मायलेकी जाळं ओढायला गेल्या आणि एकटी माय परत आली; पोरीचं प्रेतही सापडलं नाही. पोरीचा पाय घसरला, एवढंच ती सगळ्यांना सांगत राहिली. लोकांनी तेव्हा तिच्याबरोबर ऊर बडवला. मग पुस्तक आलं, आणि त्याच लोकांनी तिच्या हातचे मासे घेणं सोडलं. भागूबाईला वाचता येत नव्हतं. कुणीतरी बाजारात, चारचौघांत, तिला शेवट सांगितला.

मी पळसदेवला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पाणी पार खाली गेलेलं. धरणात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर, मंडप, सगळं उघडं पडलं होतं. भेगाळलेल्या गाळावर मेलेले मासे वाळत होते आणि त्यांचा वास कपड्यांना चिकटत होता. वारा नाही. एक पक्षी नाही. इतक्या उजेडात एवढी शांतता बरी वाटत नाही माणसाला.

देवळापाशी गुडघाभर पाण्यात भागूबाई जाळं घेऊन उभी होती.

"ही इथं कशी?" मी विराजसाहेबांना विचारलं. ते दिग्दर्शक. पुण्याचे, गोड बोलणारे.

"आईचं काम करणारी नटी फार रडते रे," ते म्हणाले. "मला खरा चेहरा हवाय. हिला सांगितलंय, नुसतं जाळं ओढायचं."

"आणि जाळ्यात काय येणार?"

त्यांनी बोट दाखवलं. पाणवनस्पतीच्या हिरव्या गालिच्याखाली योगिनी श्वास रोखून पालथी पडली होती. छकुलीचं काम करणारी मुलगी, नाशिकची. अंगावर पिवळं लुगडं, हिरव्या काठाचं. बुडाली त्या दिवशी छकुलीच्या अंगावर होतं तसलंच.

"साहेब, बाईला हे सांगितलंय ना?"

"सांगितलं तर तो चेहरा मिळेल का, इरफान?"

मी पुढं व्हायला लागलो तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि कॅमेऱ्याला खूण केली. भागूबाईनं जाळं ओढायला सुरुवात केलीच होती.

मी हेडफोन चढवला. दुसरा विराजसाहेबांच्या कानाला होता. भागूबाईच्या पदराखाली बारकासा माइक लावलेला. योगिनीला लावलाच नव्हता. प्रेताला कशाला माइक?

जाळं जड लागलं. तिनं पाय रोवले, ओढलं. आधी हिरवा काठ वर आला. मग केस.

ती किंचाळली नाही. जाळं सोडून ती पाण्यात खाली बसली, त्या देहाला उताणं केलं, डोकं मांडीवर घेतलं आणि पदरानं तोंडावरचा गाळ पुसायला लागली. माझ्या कानात तिचा श्वास येत होता. खूप वेळ नुसता श्वास. मग अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "आलीस व्हय गं... किती वाट बघायची..."

आणि उत्तर आलं.

"आये... लई गार हाय हितं..."

बारीक आवाज, घशात पाणी अडकल्यासारखा. मी विराजसाहेबांकडं बघितलं. त्यांचे डोळे चमकत होते. "काय बोलली पोरगी," ते पुटपुटले. "शिकवलंही नव्हतं."

"त्या लोकास्नी सांग बाई," भागूबाई म्हणत होती, "कुणी ढकललं तुला?"

"कुणी न्हाय... पाय घसरला माझा... तू हात धराया आलतीस..."

"कट!" विराजसाहेब ओरडले.

योगिनी उठायला लागली तर त्यांनी लांबूनच तिला हातानं दाबल्यासारखी खूण केली. पडून राहा. मग कॅमेऱ्याला पुन्हा खूण केली आणि भोंगा तोंडाला लावला.

"भागूबाई, फार छान. आता एकच करायचं. तिच्याकडं बघून म्हणायचं, मी मारलं माझ्या लेकीला."

"मी न्हाय मारलं, साहेब. आत्ता तिनंच सांगितलं की."

"म्हणा ना. म्हणालात तर ती परत बोलेल तुमच्याशी."

"साहेब, बास झालं," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

"नाही म्हणालात तर आता नेतो आम्ही तिला," ते भोंग्यातून म्हणाले. अगदी मायेनं, लहान पोराला समजावतात तसं.

भागूबाईनं मांडीवरचं डोकं छातीशी धरलं. आजूबाजूला उभ्या माणसांकडं एकदा बघितलं. कुणीच पुढं आलं नाही.

"मी मारलं," ती म्हणाली. "मीच मारलं माझ्या लेकीला. आता बोल गं छकुले. म्हणलं की मी... बोल की..."

हेडफोनमध्ये पाण्याचा आवाजसुद्धा थांबला. मग अगदी जवळून, माझ्या कानाशीच कुणी तोंड आणल्यासारखं आलं, "खोटं का बोललीस, आये?"

त्यानंतर काही नाही.

भागूबाई हाका मारत राहिली. योगिनीला तिच्या हातांतून सोडवायला चार माणसं लागली. काठावर आल्यावर पोरीनं टॉवेल गुंडाळला. विराजसाहेबांनी तिची पाठ थोपटली, "बोलीभाषा कुठं शिकलीस गं?"

"कसली बोली?" ती म्हणाली. "मी प्रेत होते, सर. ओठसुद्धा हलवले नाहीत."

संध्याकाळी आम्ही आवाज लावून ऐकला. भागूबाईचा शब्द न् शब्द आला होता. तिच्या दोन बोलण्यांच्या मध्ये मात्र, जिथं जिथं उत्तर होतं तिथं, नुसतं पाणी डुचमळत होतं. 'पाय घसरला' कुठंच नव्हतं. 'मी मारलं' मात्र स्वच्छ, खणखणीत.

"तुम्हीपण ऐकलंत ना?" मी विचारलं.

विराजसाहेबांनी आवाज बंद केला. मग म्हणाले, "आपल्याला हवं ते आलंय."

दिवाळीत सिनेमा लागला. बारामतीला दुपारच्या खेळाला साहेबांनी भागूबाईसाठी गाडी पाठवली. साडी-नारळ देऊन सत्कार करायचा होता, पेपरवाले बोलावले होते. ती माझ्याशेजारी बसली, कारण त्या गर्दीत तिच्या ओळखीचा मीच होतो. तिच्या अंगाला गाळाचा वास येत होता. गावातली माणसं सांगायची, ती रोज काठाला जाऊन पाण्याकडं बघून तेच वाक्य म्हणते. मी मारलं, मीच मारलं. लेक येऊन 'खोटं' म्हणेल म्हणून.

पडद्यावर तो प्रसंग आला तसं थिएटर चिडीचूप झालं. एवढ्या मोठ्या पडद्यावर तिचं तोंड, आणि ते वाक्य. मागून कुणीतरी म्हणालं, "बघ, कबूल केलं की नाय भवानीनं?" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी भागूबाईकडं बघितलं. तिचं टाळ्यांकडं लक्षच नव्हतं. मान तिरपी करून ती कानोसा घेत होती आणि हळूहळू हसायला लागली होती.

"तुमास्नी ऐकू येत न्हाय व्हय, भाऊ?" तिनं माझा हात दाबला. "बोलतीया की ती."

मला पाण्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. "काय... काय म्हणतीय, मावशी?"

ती ऐकत राहिली. बघता बघता तिच्या तोंडावरचं हसू विझलं. दिवे लागले, विराजसाहेब हार घेऊन मंचावर चढले, सगळे उभे राहिले. ती बसूनच होती.

"माझ्यावर रुसली," ती म्हणाली. "खोटं बोलले ना मी. म्हणती, तू जा घरी, आये. मी न्हाय यायची." मग तिनं मंचाकडं बोट केलं. "म्हणती, मी ह्यांच्यासंगं जाते."

तिचं नाव पुकारलं गेलं. तिनं साडी घेतली, नारळ घेतला, फोटो काढू दिला. त्यानंतर ती कधी काठाला गेली नाही. जिवंत आहे अजून. दारात बसून असते, कुणाशी बोलत नाही. सलिमा डबा पाठवते तो तसाच परत येतो.

विराजसाहेबांचं नाव झालं. त्यांच्या मुलाखती मी मोबाईलवर बघतो. बोलतात पूर्वीसारखंच, गोड. फक्त एक आहे. कुठल्याही मुलाखतीत बघा, ते खुर्चीत पाय वर घेऊन बसलेले असतात, मांडी घालून. होडीत पाणी शिरलं की माणूस घेतो ना पाय वर, तसे. लोकांना वाटतं, साधेपणा आहे.

काल एक नवीन मुलाखत आली. समोर प्रश्न विचारणारी मुलगी होती, टापटीप, उंच टाचांच्या चपला घातलेली. बोलता बोलता ती मध्येच थांबली. एकदा खाली जमिनीकडं बघितलं. आणि काही न बोलता तिनंही हळूच पाय वर घेतले.