आडनाव इतर

दोघांची ओळख झाली ती भरल्या खोलीत, तिचं हसं होता होता.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्या दुपारी संशोधकांसाठी वर्ग होता. डेटाबेसमध्ये लेख शोधायचे कसे, त्यांच्या नोंदी संदर्भांच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवून कशा घ्यायच्या, आणि प्रबंधाच्या शेवटी लागणारी संदर्भसूची त्याच्याकडून करवून कशी घ्यायची, असा सगळा कार्यक्रम. शिकवायला उभा होता संदर्भ विभागात नवीनच आलेला ग्रंथपाल. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला कळू नये, हा शिकवतोय की फिरकी घेतोय.

"कुणाकडे तयार संग्रह आहे का? पडद्यावर घेऊ."

तिने हात वर केला. ग्रंथालयात तिला सगळे विहीरवाली म्हणत, कारण विहिरींच्या पाण्याखेरीज दुसरं काही मागायला ती कधी आलीच नव्हती. प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता. आणि तिचा संग्रह म्हणजे... तिने तो कुणालाही, कधीही दाखवला असता. एक नोंद दोनदा नाही, एक वर्ष चुकलेलं नाही.

ग्रंथपालाने नोंदी लेखकांच्या क्रमाने लावल्या, खाली सरकवल्या आणि थांबला.

"या लेखकाला मी मानतो," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "आडनाव इतर. पहिलं नाव नुसतंच 'व'. क्षार म्हणा, माती म्हणा, पाऊस म्हणा, सगळ्यात यांचं काम आहे. एवढा मोठा माणूस, आणि आपण नाव ऐकलं नव्हतं."

खोली हसली. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"मीही नव्हतं ऐकलं," ती म्हणाली. आवाज जराही चढवला नाही. "तुमच्याकडेच भेटले मला ते."

"आमच्याकडे?"

"तुमच्या डेटाबेसमध्ये. जुन्या लेखांच्या नोंदी करताना कुणीतरी कंटाळा केलाय. पहिल्या लेखकाचं नाव घातलं आणि बाकीच्यांची 'व इतर' म्हणून बोळवण केली. सॉफ्टवेअर बिचारं आज्ञाधारक. त्याला वाटलं, हेही कुणाचं तरी नावच असणार. उघडा ना मूळ नोंद."

त्याने उघडली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ते दिसलं... व इतर. मग दुसरी उघडली, तिसरी उघडली. आता सगळी खोली त्याच्याकडे बघत होती.

"चूक आमची," तो म्हणाला. "आणि हसलो मी. म्हणजे आमच्या दोन."

तो असा चटकन कबूल होईल, असं तिला वाटलं नव्हतं. पुढचं टोचून बोलायचं वाक्य तिने तयार ठेवलं होतं. ते तसंच राहिलं.

वर्ग संपल्यावर तो तिच्या टेबलाशी आला. "हे सगळे इतर मी दुरुस्त करून देतो. पण एक सांगा, तुम्हाला दिसत होतं, तर तुम्हीच का नाही केलंत?"

"कशावरून करू? जुन्या लेखांचा नुसता मजकूर टाइप करून घातलाय तुमच्याकडे. छापलेलं पान कुठेय? मनाने नावं घालू?"

"बरोबर. मग कुठून सुरुवात करू?"

तिने एका नोंदीवर बोट ठेवलं. त्याच्या वयापेक्षा जुना लेख होता. गावोगावच्या विहिरींतल्या क्षारांवरचा.

"हा आधी. यातल्या इतरांत माझी आई आहे."

त्याच्या चेहऱ्यावरची फिरकी गेली. खुर्ची ओढून तो बसलाच.

गोष्ट साधी होती. लग्नाआधी आई पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. खांद्याला बाटल्यांची पिशवी लावून ती विहिरी पालथ्या घालायची. दोरीने पाणी काढायचं, चिठ्ठी चिकटवायची, रात्रीच्या आत आणून तपासायचं. पुढे तिच्या साहेबांनी त्यावर लेख छापला आणि त्यात आईचंही नाव आलं, असं आई सांगायची. घरातली प्रत सामान हलवताना कुठे गेली, ते कळलं नाही. मुलीने याच विहिरी इतक्या वर्षांनी पुन्हा तपासायला घेतल्या, तेव्हा डेटाबेसमध्ये तो लेख सापडला. सगळे कॉम्प्युटरभोवती जमले. निघालं काय, तर साहेबांचं नाव आणि पुढे व इतर.

तेव्हापासून मामाला चेव आला होता. "ताई, साखर आण... व इतर सामानही आण." "या, या, इतरबाई, बसा." मामा वाईट नव्हता, नुसता जिभेला हाड नसलेला होता. आईही सगळ्यांबरोबर हसायची. पण त्यानंतर विहिरींची गोष्ट तिने कधी सांगितली नाही. ते फक्त मुलीच्या लक्षात आलं.

"सूचीत सगळ्या लेखकांची नावं द्यावी लागतात," विहीरवाली म्हणाली. "माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, आईच्या सांगण्यावरून संदर्भ देत नाहीत. त्यांचं खरंच आहे. पण प्रबंध या महिनाअखेर द्यायचाय. तोवर छापलेलं पान मिळालं नाही, तर माझ्याच प्रबंधात माझी आई इतर."

"मिळेल," ग्रंथपाल म्हणाला.

"मिळेल कसं म्हणता? अजून शोधलं कुठेय?"

"बरं. शोधतो."

हे उत्तर तिला जास्त आवडलं.

त्या नियतकालिकाचा नेमका तोच खंड ग्रंथालयात नव्हता. त्याने दुसऱ्या ग्रंथालयांना लिहिलं आणि उत्तरांची वाट बघता बघता दोघं बाकीच्या इतरांच्या मागे लागले. ते खंड तळघरात होते, सरकत्या कपाटांत. चाक फिरवलं की कपाट घरघरत बाजूला व्हायचं आणि मधे एकाच माणसापुरती वाट व्हायची. त्या वाटेत दोघं कशीबशी मावायची. तो खंड काढून नावं वाचायचा, ती मांडीवर लॅपटॉप घेऊन शिडीच्या पायरीवर बसून टाइप करायची. जुन्या कागदाचा वास, वर कुठेतरी पावसाच्या पाण्याचा पन्हाळीतून येणारा आवाज, आणि धुळीने तिला येणाऱ्या शिंका.

"आज बऱ्याच जणांना नावं ठेवली आपण," तो म्हणाला.

"मला सवय आहे. घरी म्हणतात, ही सगळ्यांनाच नावं ठेवते."

"मलाही ठेवलीत?"

"तुम्हाला काय ठेवायची... बाह्या दुमडता, त्या दोन्ही सारख्या नसतात. वाचताना आद्याक्षरं गिळता. आणि 'मिळेल' म्हणता, न बघता."

"एवढं बारीक बघता?"

ती लॅपटॉपकडे बघत राहिली. "पुढचं नाव वाचा."

त्याने वाचलं, आद्याक्षरं एकेक सुटी करून. दुसऱ्या दिवशी त्याच्या दोन्ही बाह्या अगदी एका रेषेत होत्या. तिने ते पाहिलं. एकदा तर दोघांनी एकाच वेळी चाकाला हात घातला. कपाट थोडं सरकलं, मग बराच वेळ सरकलंच नाही... कुणी फिरवतच नव्हतं.

एकेक इतर नावारूपाला येत गेला. आईचा लेख तेवढा राहिला. एका ग्रंथालयाचं उत्तर आलं, खंड गहाळ. दुसऱ्याचं आलं, बांधणीला दिलाय. तिसऱ्याचं उत्तरच नाही. महिनाअखेर पुढ्यात येऊन ठेपली, आणि ग्रंथपालाला राहवलं नाही.

"एक बोलू? तुम्ही नाव घालून टाका. तुम्हाला आईचं नाव माहितीये. तपासणार कोण? तपासणारा मीच, आणि मी तर..."

तिने लॅपटॉप मिटला.

"म्हणजे तुम्हालाही वाटतं, ते नाव घालावं लागेल."

"तसं नाही..."

"तसंच. मामा हसतो, तुम्ही दया करता. विश्वास दोघांचाही नाही. माझी आई खोटं बोलत नाही. ते नाव तिथे आहे. आहे ते बघायचं असतं, घालायचं नसतं."

ती निघून गेली. छत्री तळघरातच विसरली, पण परत फिरली नाही. घरी भिजून आली तेव्हा आईने टॉवेल दिला आणि विचारलं, "कुणावर रागावलीस?" ती म्हणाली, "कुणावर नाही." आई म्हणाली, "मग चांगलाच असणार."

त्यानंतर ती ग्रंथालयाकडे फिरकली नाही. प्रबंधाची सूची उघडायची, त्या एका ओळीशी यायची, बंद करायची. त्याचा एकही निरोप आला नाही, याचा तिला राग आला. आला असता तर त्याचाही आला असता.

मग एका सकाळी निरोप आला. दोनच वाक्यं. "तिसऱ्या ग्रंथालयाकडून खंडाच्या पानांची फाइल काल संध्याकाळी आली. मी उघडलेली नाही."

तिने दुसरं वाक्य पुन्हा वाचलं. माफी नव्हती, मखलाशी नव्हती. अख्खी रात्र ती फाइल त्याच्यासमोर होती आणि त्याने पाहिली नव्हती. पहिलं बघायचा मान त्याने तिच्यासाठी राखून ठेवला होता.

ती पोचली तेव्हा तिची छत्री त्याच्या टेबलाला टेकवून ठेवलेली होती, वाळवून, नीट गुंडाळून. त्याने खुर्ची तिच्यासाठी सोडली, माऊस तिच्या हाती दिला आणि स्वतः खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभा राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. सायकली लावलेल्या होत्या.

पान तिरकं आलं होतं, कोपऱ्याला डाग. वर लेखाचं नाव. त्याखाली पाच लेखकांची नावं. पहिले साहेब. आणि साहेबांच्या लगेच नंतर, बाकी सगळ्यांच्या आधी, आई. माहेरचं आडनाव, दोन आद्याक्षरं, स्वच्छ ठळक छपाई.

"दुसरी," ती म्हणाली. "ती शेवटी कुठेतरी असेल असं आम्ही धरून चाललो होतो. ती दुसरी आहे."

तो वळला नाही. तिने डोळे पुसेपर्यंत तो सायकली बघत राहिला. मग येऊन त्याने डेटाबेसची नोंद उघडली, 'व इतर' खोडलं आणि म्हणाला, "वाचा. मी लिहितो. कसं लिहायचं?"

"छापलंय तसं."

तिने वाचलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने नाव वाचलं आणि त्याने टाइप केलं. शेवटच्या नावापर्यंत दोघांनीही घाई केली नाही, कारण त्या पाचही जणांनी दोऱ्या ओढल्या होत्या.

संध्याकाळी तिने ते पान जेवणाच्या टेबलावर ठेवलं. मामा आलेलाच होता. आईने पान हातभर लांब धरून वाचलं आणि खाली ठेवलं.

"दुसरं होतं, हे तुला माहीत होतं?" मुलीने विचारलं.

"मला माहीत नसेल तर कुणाला? साहेबांनी स्वतः येऊन सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"नाव होतं एवढ्यावरच तुम्ही पोट धरून हसलात. दुसरं होतं म्हटलं असतं, तर जेवण राहिलं असतं."

मामाने वाकून ते नाव वाचलं. जिभेला बहुधा पहिल्यांदाच हाड फुटलं होतं. "ताई," तो म्हणाला, "पोरीने नाव काढलं हो तुझं."

"नाव होतंच माझं," आई म्हणाली. मान ताठ, पण हात पानावरची सुरकुती सारखी करत होता. "तिने ते शोधून काढलं."

प्रबंध वेळेत गेला. एक प्रत ग्रंथालयाला द्यायची असते. ती द्यायला विहीरवाली आईला घेऊन गेली. आईने ठेवणीतली साडी नेसली होती आणि चष्माही आठवणीने आणला होता. ग्रंथपालाने तिला कॉम्प्युटरपुढे बसवलं. "काकू, इथे तुमचं नाव घाला, तेव्हाचं." आईने एका बोटाने एकेक अक्षर शोधत नाव लिहिलं. पडद्यावर एकच लेख आला. ती तो वाचत बसली, पहिल्या विहिरीपासून.

इकडे ग्रंथपाल प्रबंधाची पानं उलटत होता. ऋणनिर्देशावर थांबला.

"'ग्रंथालयातील कर्मचारी व इतर,'" त्याने वाचलं. "मी यात कुठे?"

"कर्मचारी आहात ना?"

"नोकरीपुरता आहे. तिच्या बाहेर?"

"बाहेरचं काही छापलेलं नाही माझ्याकडे." ती छत्रीची मूठ फिरवत होती. "आणि बघितल्याशिवाय मी नाव घालत नाही. माहितीये तुम्हाला."

"माहितीये." त्याने प्रबंध मिटून टेबलावर ठेवला. "मग बघा. तुम्ही मला आवडता. त्या दिवशी सगळ्यांसमोर माझी चूक काढलीत तेव्हापासून. आणि तुम्ही रागावून गेलात, तेव्हा तर... तुम्ही बरोबर होता, आणि मला कधी इतकं एकटं वाटलं नव्हतं. आता समोर उभा आहे. मूळ प्रत आहे. कोपऱ्याला डाग असतील."

तिने बघितलं. चांगलं सावकाश, एकेक आद्याक्षर वाचावं तसं. कानांच्या पाळ्या पुन्हा तापल्या, पण या वेळी तिला त्याचं काही वाटलं नाही.

"एक दुरुस्ती आहे," ती म्हणाली.

"कुठे?"

"'तुम्ही' नको. 'तू' हवं."

"आणि बाकी?"

"बाकी... छापलंय तसंच राहू दे. तूही मला..." ती थांबली. आई दोनच हातांच्या अंतरावर बसली होती.

"अगं, पूर्ण कर ना वाक्य," आई पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "आणि माझ्यासाठी आवाज खाली करू नकोस. मी आता इतरांत नाही, मला सगळं ऐकू येतंय."