गोठ्याचं आतलं दार

“मामाची सायकल इथंच आहे,” मधुवंती म्हणाली. “मग तो गेला कुठं?”

डिसेंबरच्या सुट्टीतली दुपार होती. तेरा वर्षांची मधुवंती, तिचा धाकटा भाऊ वरद आणि शेजारचा नील मुकुलमामाचा डबा घेऊन शहराच्या उत्तर टोकाला, सेम्बावांगच्या झाडीतल्या जुन्या शेतघरापाशी आले होते. वेल्सहून आलेल्या कुणा शेतकऱ्यानं फार पूर्वी ते आपल्या मुलखातल्यासारखं बांधलं होतं. राहतं घर, गोठा आणि कोठार एका ओळीत, एकाच लांबलचक छपराखाली. मामा विद्यापीठात जुन्या इमारतींचा अभ्यास करायचा. दुरुस्ती सुरू होण्याआधी तो इथली तुळई न् तुळई मोजत होता.

आज मात्र छप्पर दिसतच नव्हतं. अख्खं घर ताडपत्रीनं झाकलेलं होतं आणि ताडपत्रीच्या कडेवर वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या. शेजारी जनरेटर धडधडत होता.

“वाळवी मारणारे उद्या येणार होते ना?” वरदनं विचारलं.

“आज दुसरं काम नव्हतं, म्हणून आजच आलो,” मुकादम मिस्टर कोह म्हणाले. त्यांच्यामागे विषारी वायूचे सिलिंडर होते. “मागे व्हा पाहू.”

“अंकल, आमचा मामा आत आहे,” मधुवंती म्हणाली. “फोन वाजतोय, पण तो उचलत नाही.”

“कुणी नाही, लाह,” तिथल्या लोकांसारखा ‘लाह’ लावत ते म्हणाले. “मी सगळ्या खोल्या बघितल्या.”

“गोठा बघितलात?”

“गोठ्याला बाहेरून कुलूप आहे. कुलूपबंद जागेत माणूस कसा जाईल?”

“स्वयंपाकघरातून जाता येतं. भिंतीत फळ्यांचं दार आहे, चटकन दिसत नाही. मामानं दाखवलंय आम्हाला. प्लीज, एकदा बघा.”

“आता सगळं सील झालंय. घरी जा.” मिस्टर कोहनी मास्क चढवला.

मधुवंतीनं घाईनं विचार केला. आईला फोन करावा तर ती बँकेतून इथं पोचेपर्यंत सगळं संपलं असतं. वरद रडायच्या बेतात होता.

“ताडपत्री उघडी असली तर गॅस सोडता येणार नाही, करेक्ट?” नील कुजबुजला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढच्या क्षणी नील आणि वरद पिशव्यांवर तुटून पडले. एक ढकलली, दुसरी ओढली, ताडपत्री वर उचलली. कामगार ओरडत धावले, तशी दोघांनी दुसरी बाजू उघडली. वरदला एकानं दंडाला धरून खेचलं, तरी त्यानं ताडपत्री सोडली नाही.

मधुवंती धावत गोठ्यामागे गेली आणि दगडानं भिंत ठोकू लागली. “मामा! मामा!”

जनरेटरच्या आवाजात तिला स्वतःचाही आवाज ऐकू येईना. नीलनं ते पाहिलं. कामगारांना हुलकावणी देत तो जनरेटरपाशी पोचला आणि त्यानं बटण दाबलं.

धडधड थांबली.

“कुणी बोलू नका,” मधुवंती म्हणाली. तिचा आवाज असा काही लागला, की मोठी माणसंही गप्प झाली. तिनं पुन्हा ठोकलं आणि भिंतीला कान लावला. काहीच नाही. आपण उशीर केला का?

मग आतून टकटक झाली. अगदी हलकी.

मिस्टर कोहनी मास्क उतरवला. त्यांनी स्वतः ताडपत्री फाडली, पहारीनं कुलूप तोडलं. आत माळ्यावर जायची कुजलेली शिडी मोडून मामा खाली कोसळला होता. पाय वाकडा झालेला, कपाळावर रक्त. शुद्धीवर आल्यावर त्यानं हाका मारल्या होत्या, पण जनरेटरपुढे त्या कुणाला ऐकू जाणार?

“मधू,” तो पुटपुटला, “तुझा ठोका ऐकला गं.”

अॅम्ब्युलन्स आली. मामाचं हाड मोडलं होतं, पण जिवाचा धोका नव्हता. आई धापा टाकत पोचली आणि तिनं तिघांनाही जवळ ओढलं.

मिस्टर कोहनी सिलिंडर दूर हलवायला लावले. मग ते मुलांकडे आले.

“तुमच्यामुळे एक माणूस वाचला,” ते म्हणाले. “आणि मीही.”

त्यांनी आपली बॅटरी मधुवंतीच्या हातात दिली.

“या घराची सगळी दारं मला दाखव. तू पुढे चल, मी मागून येतो.”